कल्पित भाषाकुल कसे रचावे: आधी इतिहास, मग वर्गीकरण

कल्पनेतून एक भाषा रचणे आणि भाषांचे एक संपूर्ण कुल रचणे ही दोन निराळी कामे आहेत. एका भाषेला ध्वनी, शब्द आणि व्याकरण दिले की ती उभी राहते. कुलाला मात्र काळही द्यावा लागतो. नवखा रचनाकार बहुधा आधी वंशवृक्ष काढतो, फांद्यांच्या टोकांवर आवडलेली नावे लिहितो आणि मग प्रत्येक नावासाठी थोडे थोडे वेगळे शब्द बनवत जातो. असे कुल नकाशावर शोभून दिसते, पण त्यातील कोणतेही दोन शब्द शेजारी ठेवून ‘हा फरक कशामुळे पडला?’ असे विचारले, तर त्याला उत्तर नसते. म्हणून या लेखात नेमका उलटा क्रम सुचवला आहे: आधी मूळभाषा, मग तिच्यात कालक्रमाने झालेले बदल, त्या बदलांतून वेगळ्या होत गेलेल्या भाषा, आणि सर्वांत शेवटी त्यांचे वर्गीकरण. कोणता बदल कोणत्या बदलाच्या आधी झाला हाच कुलाचा खरा इतिहास असतो, आणि वर्गीकरण म्हणजे त्या इतिहासाचे वाचन, ही एक गोष्ट पक्की धरली की बाकीचे काम बरेच सोपे होते.

समजुतीसाठी ‘नेम्री’ नावाचे एक छोटे कुल येथे पायरीपायरीने रचू. त्यात चार भाषा असतील: हेवान, दुरुक, ओसली आणि केल्मी.

पहिली पायरी: मूळभाषा लहान ठेवा

मूळभाषेसाठी जाडजूड कोश लागत नाही. शंभरच्या आसपास शब्द सुरुवातीला पुरतात, मात्र ते नीट निवडलेले असावेत. मॉरिस स्वादेश या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यास मूलभूत शब्दांच्या याद्या तयार केल्या. त्यांतील १०० शब्दांची यादी या कामाला सोयीची पडते. पाणी, आग, दगड, झाड, सूर्य, हात, डोळा, ‘मी’, ‘तू’, खाणे, पिणे, येणे, मरणे असे शब्द तीत आहेत. असे शब्द भाषा सहसा दुसरीकडून घेत नाही, त्यामुळे नाते तपासताना तेच सर्वाधिक उपयोगी पडतात.

मूळ नेम्रीत १३ व्यंजने धरू: प, त, क, ब, द, ग, म, न, स, र, ल, व, य. स्वर तीनच: आ, इ, उ. शब्द दोन अक्षरांचे असून प्रत्येकाचा शेवट स्वराने होतो. प्रत्यक्ष लिहून न सापडलेल्या, म्हणजे पुनर्रचित रूपापुढे ताराचिन्ह लावण्याची रीत ऑगस्ट श्लायखर यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केली. तीच येथे पाळू. *लाकु म्हणजे हात, *लाकि म्हणजे अनेक हात, *माकि म्हणजे पाऊस, *साति म्हणजे पाणी, *रादा म्हणजे वारा, *नुपा म्हणजे दगड आणि *पुनि म्हणजे झाड. काही नामांचे एकवचन उकारान्त आणि अनेकवचन इकारान्त असते, एवढे व्याकरण तूर्त पुरे.

दुसरी पायरी: बदल शब्दांत नव्हे, ध्वनींत करा

नवख्यांच्या रचनेत सर्वांत जास्त गफलत येथे होते. ते प्रत्येक शब्द सुटासुटा घेऊन कानाला गोड वाटेल असा बदलतात. खऱ्या भाषांत बदल होतो तो ध्वनीचा, आणि विशिष्ट परिस्थितीत तो ध्वनी जेथे जेथे येतो तेथे तेथे होतो. संस्कृतातील हस्त, सप्त, दुग्ध आणि कर्ण हे शब्द प्राकृतात हत्थ, सत्त, दुद्ध आणि कण्ण झाले, कारण भिन्न व्यंजनांची जोडाक्षरे सारख्या व्यंजनांच्या द्वित्तात बदलली. पुढे मराठीत ते द्वित्त सुटले, त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ झाला आणि हात, सात, दूध, कान ही रूपे आली. पंजाबीने मात्र द्वित्त टिकवले, म्हणून तेथे आजही हत्थ, सत्त, दुद्ध म्हणतात. दोन नियमांनी चारही शब्दांचा प्रवास उलगडतो, आणि पंजाबीची तुलना केली की त्यांपैकी कोणता नियम कोठवर पोहोचला तेही कळते.

ही नियमितता ओळखायला विद्वानांनाही वेळ लागला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा हे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडले. १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी जर्मानिक भाषांतील व्यंजनबदल नियमांच्या रूपात दाखवला, पण त्या नियमांना अपवाद उरले होते. १८७५ मध्ये कार्ल व्हेर्नर यांना त्या अपवादांतील एक मोठा गट प्राचीन आघाताच्या जागेवरून समजावता आला. त्यानंतर लायप्झिगच्या तरुण अभ्यासकांनी ध्वनिनियमांना अपवाद नसतात अशी कडक भूमिका घेतली. रचनाकाराने हीच शिस्त स्वतःला लावून घ्यावी: नियम लिहिला की तो कोशातील प्रत्येक शब्दाला लागू करायचा, आवडता शब्द बिघडला तरीही. अपवाद हवा असेल तर त्याला वेगळे कारण द्यायचे. ती कारणे पुढे येतील.

प्रत्येक नियमात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: कोणता ध्वनी बदलतो, कशात बदलतो आणि कोणत्या परिस्थितीत बदलतो. नियम निवडताना जगात वारंवार आढळणारे बदल घ्यावेत. इकारापूर्वीचा ‘क’ ‘च’ कडे झुकतो. लॅटिनमधील शंभर या अर्थाच्या शब्दातील आरंभीचा ‘क’ इटालियनमध्ये ‘चेंतो’ असा झाला, तो अशाच पुढच्या स्वराच्या प्रभावाने. दोन स्वरांमधील कठोर व्यंजन मृदू होते. संस्कृत ‘गच्छति’चे शौरसेनी प्राकृतात ‘गच्छदि’ झाले आणि माहाराष्ट्री प्राकृतात तर ते व्यंजनच लोपून ‘गच्छइ’ उरले. ‘प’चा ‘ह’ होतो. तमिळमध्ये दुधाला ‘पाल्’ म्हणतात आणि कन्नडमध्ये ‘हालु’. ‘स’चा ‘ह’ होतो. संस्कृत ‘सप्त’ला अवेस्तात, म्हणजे पारशी धर्मग्रंथाच्या प्राचीन इराणी भाषेत, ‘हप्त’ म्हणतात. असे बदल वापरले की कुल परके वाटले तरी खोटे वाटत नाही.

तिसरी पायरी: बदलांना क्रम द्या

नियमांची यादी झाली की ते काळाच्या ओळीत बसवावेत. याच पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा असे माझे मत आहे, कारण दोन भाषांमध्ये अगदी सारखेच नियम असले आणि फक्त क्रम वेगळा असला तरी त्या एकमेकींपासून दूर जातात.

पाऊस या अर्थाचा *माकि हा शब्द घ्या आणि त्याला दोन नियम लावा. पहिला: इकारापूर्वी ‘क’चा ‘च’ होतो. दुसरा: शब्दाच्या शेवटचा स्वर लोपतो. या क्रमाने गेलो तर *माकि आधी ‘माचि’ होतो आणि मग ‘माच्’. क्रम उलटा केला तर शेवटचा इकार आधीच जातो, ‘माक्’ उरतो आणि ‘क’ला ‘च’ करणारे कारणच शिल्लक राहत नाही. एका भाषेत ‘माच्’, दुसरीत ‘माक्’. नियम तेच, इतिहास वेगळा.

बदल घडवणारा स्वर नाहीसा होऊन त्याचा परिणाम तेवढा मागे राहणे ही खऱ्या भाषांतलीही ओळखीची घटना आहे. संस्कृतात ‘कृ’ धातूचे परोक्ष भूतकाळी रूप ‘चकार’ आणि ‘गम्’चे ‘जगाम’ असे होते. द्विरुक्तीत ‘क’ आणि ‘ग’ यांऐवजी ‘च’ आणि ‘ज’ का यावेत, हे केवळ संस्कृताकडे पाहून कळत नाही. संस्कृत, ग्रीक, लॅटिन ज्या कुलातल्या त्या भारोपीय कुलाच्या मूळभाषेत त्या जागी ‘ए’सारखा स्वर होता, त्याने व्यंजन तालव्य केले आणि पुढे तो स्वर स्वतः ‘अ’मध्ये मिसळून गेला. १८७० च्या दशकात हे लक्षात आले, तेव्हा भारोपीय मूळभाषेचे स्वर संस्कृतासारखेच होते हा जुना समज सोडून द्यावा लागला. आपल्या कुलात असे दोनतीन अवशेष मुद्दाम ठेवावेत. ते बाहेरून विचित्र दिसतात, पण त्यांच्या मागे खरा इतिहास असतो.

चौथी पायरी: फांद्या फोडा

आता मूळ नेम्री बोलणारे लोक दोन गटांत विभागले असे धरू. कारण साधेच पुरते: काही लोक डोंगर ओलांडून पूर्वेला गेले आणि दोन्ही बाजूंचा रोजचा संपर्क तुटला.

पूर्वेकडे इकारापूर्वीचा ‘क’ ‘च’ झाला. हा बदल पूर्व गट अखंड असतानाच झाला, म्हणून तो त्यांतून निघालेल्या हेवान आणि दुरुक या दोन्ही भाषांना लागू आहे. त्यानंतर हेवानमध्ये पुढच्या अक्षरात ‘इ’ असेल तर ‘आ’चा ‘ए’ झाला आणि मग शेवटचे स्वर गळाले. दुरुकने शेवटचे स्वर ठेवले, पण ‘प’चा ‘ह’ केला.

पश्चिमेकडे दोन स्वरांमधील प, त, क हे अनुक्रमे ब, द, ग झाले. हा बदल ओसली आणि केल्मी या दोघींचा सामाईक आहे. पुढे ओसलीतही शेवटचे स्वर गळाले, तर केल्मीने ते ठेवून शब्दारंभीच्या ‘स’चा ‘ह’ केला.

आता एकेक शब्द या वाटेने चालवून पाहा. *साति हा शब्द हेवानमध्ये ‘सेत्’, दुरुकमध्ये ‘साति’, ओसलीत ‘साद्’ आणि केल्मीत ‘हादि’ होतो. *माकि अनुक्रमे ‘मेच्’, ‘माचि’, ‘माग्’ आणि ‘मागि’ होतो. *नुपा ‘नुप्’, ‘नुहा’, ‘नुब्’ आणि ‘नुबा’ होतो. ‘सेत्’ आणि ‘हादि’ यांत कानाला पटेल असे साम्य उरलेले नाही, तरीही प्रत्येक ध्वनीचा हिशेब लागतो. चांगल्या कुलाची परीक्षा हीच आहे, म्हणून साम्य टिकवण्यासाठी नियम ढिले करू नयेत.

कालावधीचा अंदाज खऱ्या कुलांवरून घ्यावा. लॅटिनपासून स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच आणि रुमानियन वेगळ्या व्हायला साधारण दीड ते दोन हजार वर्षे लागली. त्या भाषांतील अंतर आपल्या मनातल्या भाषांइतके असेल तर मूळभाषाही तेवढीच मागे न्यावी. दोनशे वर्षांत एका भाषेच्या परस्परांना न कळणाऱ्या डझनभर भाषा झाल्या असे दाखवले, तर वाचकाला ते पटणार नाही.

या पद्धतीने काय साधते याचा सर्वज्ञात नमुना जे. आर. आर. टोल्कीन यांच्या एल्फ लोकांच्या भाषांत सापडतो. झाड या अर्थाच्या ‘गलदा’ या एकाच मूळ रूपापासून क्वेन्यात ‘अल्दा’ आणि सिंदारिनमध्ये ‘गलध्’ आला: एकीकडे आरंभीचे व्यंजन व मधला स्वर गेला, दुसरीकडे मधले व्यंजन घर्षक झाले आणि शेवटचा स्वर गळाला. टोल्कीन मूळ रूपांवर आणि बदलांवर आयुष्यभर काम करत राहिले, आणि या दोन भाषांमधले नाते आजही तपासून पाहता येते.

पाचवी पायरी: व्याकरण त्याच वाटेने जाऊ द्या

ध्वनिबदल प्रत्ययांपाशी येऊन थांबत नाहीत. *लाकु आणि *लाकि ही जोडी पुन्हा घ्या. हेवानमध्ये एकवचन ‘लाक्’ आणि अनेकवचन ‘लेच्’ झाले. अनेकवचनाचा प्रत्यय पूर्ण नाहीसा झाला, पण जाताना त्याने स्वर आणि व्यंजन दोन्ही बदलले. जुन्या इंग्रजीत नेमके असेच घडले होते: पुस्तक म्हणजे ‘बोक्’ आणि पुस्तके म्हणजे ‘बेच्’. आज इंग्रजी ‘बुक’चे अनेकवचन ‘बुक्स’ होते, कारण बहुसंख्य शब्दांच्या साच्यात बोलणाऱ्यांनी तो शब्द ओढून घेतला. ‘फुट’चे ‘फीट’ मात्र तसेच राहिले.

या ओढीला सादृश्य म्हणतात, आणि ध्वनिनियमाला अपवाद हवा असेल तेव्हा सर्वांत आधी तिच्याकडे वळावे. दुरुकमध्ये नियमाप्रमाणे ‘लाकु’चे अनेकवचन ‘लाचि’ व्हायला हवे. पण एकवचनातला ‘क’ सतत कानावर पडत असल्यामुळे दुरुक लोकांनी अनेकवचनही ‘लाकि’ केले असे ठरवू. ‘माचि’ या शब्दाला मात्र असा आधार देणारे दुसरे रूप नव्हते, म्हणून तेथे ‘च’ राहिला. यामुळे दुरुक शिकणाऱ्याला ‘लाकि’ पाहून क-च बदल झालाच नाही असे वाटेल, आणि ‘माचि’ पाहून तो झाला होता हे कळेल.

ओसलीची अडचण वेगळी आहे. तेथे ‘लागु’ आणि ‘लागि’ दोन्हींचा शेवट गळून ‘लाग्’ एवढेच उरते, म्हणजे वचनभेदच नाहीसा होतो. फ्रेंचमध्ये अनेकवचनाचा शेवटचा ‘स’ लिहिला जातो, पण बहुतेक ठिकाणी उच्चारला जात नाही, आणि वचन मुख्यतः आधीच्या उपपदावरून कळते. ओसलीने समूह या अर्थाचा *दुसा हा शब्द नामामागे लावायला सुरुवात केली, पुढे तो झिजून नामाला चिकटला आणि ‘लाग्दुस्’ असे नवे अनेकवचन तयार झाले. स्वतंत्र शब्द झिजून प्रत्यय होणे ही सर्वत्र दिसणारी वाट आहे. इटालियन आणि फ्रेंचमधील भविष्यकाळाचे प्रत्यय लॅटिनमधील ‘असणे, बाळगणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आले आहेत. कुलातील प्रत्येक नव्या प्रत्ययाला असा एखादा पूर्वज द्यावा.

अर्थबदलांकडेही लक्ष असावे. संस्कृत ‘मृग’ आधी कोणत्याही वन्य पशूला म्हणत, नंतर तो हरणापुरता उरला. इंग्रजीतील हरणाचा शब्द ‘डिअर’ हाही पूर्वी प्राणी याच अर्थाचा होता, तर ‘मृग’शी नाते सांगणाऱ्या फारसी ‘मुर्ग’चा अर्थ पक्षी असा झाला. सर्व भाषांत सर्व शब्दांचे अर्थ जसेच्या तसे राहिले, तर कुल यांत्रिक वाटते.

सहावी पायरी: शेजार आणि उसनवारी

वंशवृक्षाचे चित्र असे सुचवते की फांद्या एकदा फुटल्या की पुन्हा एकमेकींना भेटत नाहीत. योहानेस श्मिट यांनी १८७२ मध्येच दाखवून दिले की भाषिक बदल लाटांसारखे पसरतात आणि फांद्यांच्या सीमा जुमानत नाहीत. नेम्रीत शेवटचे स्वर गळण्याचा बदल हेवान आणि ओसली या दोघींत आहे, आणि त्या दोन वेगवेगळ्या शाखांच्या आहेत. आपण त्यांना डोंगराच्या एकाच खिंडीलगत ठेवू: दोन्हीकडचे बरेच लोक दुभाषी होते आणि हा उच्चार एकीकडून दुसरीकडे गेला.

शब्दही असेच जातात. हेवान ही धर्मविधींची भाषा म्हणून ओसली लोकांत मान पावली, आणि तिच्यातील ‘मेच्’ हा शब्द त्यांनी आशीर्वाद या अर्थाने घेतला. आता ओसलीत ‘माग्’ म्हणजे पाऊस आणि ‘मेच्’ म्हणजे आशीर्वाद, दोन्ही एकाच *माकिचे वंशज. मराठीत ‘हात’ आणि ‘हस्त’, ‘आग’ आणि ‘अग्नि’ असे जोडशब्द याच प्रकारे शेजारी शेजारी नांदतात. तद्भव आणि तत्सम हा भेद करणाऱ्या आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. ‘मेच्’मधील ‘ए’ आणि ‘च’ हे ध्वनी ओसलीच्या स्वतःच्या नियमांतून निघू शकत नाहीत, म्हणून तो शब्द परका असल्याचे जाणकाराला लगेच कळेल.

उसने शब्द लोकांच्या स्थलांतराचा मार्गही सांगतात. युरोपातील रोमा लोकांची रोमानी भाषा भारतीय आर्य शाखेची आहे, पण तिच्यात फारसी, आर्मेनियन आणि ग्रीक शब्दांचे थर आहेत. तिच्यातील एक ते सहा हे अंक भारतीय वळणाचे असून सात, आठ आणि नऊ ग्रीकमधून आलेले आहेत. लिखित इतिहास तोकडा असलेल्या त्या प्रवासाचे टप्पे अशा शब्दांवरून ओळखता आले. आपल्या कुलातही कोणते लोक कोणाच्या देशातून गेले हे ठरवून मगच उसने शब्द निवडावेत. आधी शब्द उसने घेऊन नंतर कारण शोधणे हे काम कधीच नीट जमत नाही.

सातवी पायरी: वर्गीकरण

आता चारही भाषा समोर आहेत आणि त्यांचे गट पाडायचे आहेत. वरवर पाहणारा म्हणेल की हेवान आणि ओसली यांचे शब्द व्यंजनान्त आहेत, दुरुक आणि केल्मी यांचे स्वरान्त आहेत, म्हणून हे दोन गट. हे वर्गीकरण दोन कारणांनी चुकते.

पहिले कारण असे की दुरुक आणि केल्मी यांनी स्वर टिकवले आहेत, नवे काही घडवलेले नाही. मूळभाषेत जे होते ते दोन भाषांत उरले, यावरून त्या एकमेकींच्या विशेष जवळच्या ठरत नाहीत. मराठी आणि गुजराती यांनी तीन लिंगे टिकवली, हिंदीने नपुंसकलिंग गमावले; पण तीन लिंगे संस्कृतापासूनच चालत आलेली असल्यामुळे तेवढ्या बळावर मराठी-गुजराती असा उपगट मांडता येत नाही. उपगट सिद्ध होतो तो सामाईक नवनिर्मितीने, म्हणजे मूळभाषेत नसलेला बदल त्या भाषांनी एकत्र असताना केला असेल तर.

दुसरे कारण काळाचे आहे. स्वर गळणे ही हेवान आणि ओसली यांची नवनिर्मिती खरी, पण ती कधी झाली ते पाहा. ‘मेच्’मध्ये ‘च’ आहे, म्हणजे हेवानमध्ये स्वर गळण्यापूर्वीच पूर्वेचा क-च बदल होऊन गेला होता. ‘माग्’मध्ये ‘ग’ आहे, आणि ‘क’ मृदू होण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंना स्वर हवा, म्हणजे ओसलीतही स्वर गळण्यापूर्वी पश्चिमेचा बदल झालेला होता. दोन्ही शाखा आधीच वेगळ्या झाल्यावर हा बदल आला, म्हणून तो शेजाराचा आहे, वंशाचा नाही. क्रमाची वही नीट ठेवली असेल तरच असा निर्णय देता येतो.

सारख्या ध्वनीनेही फसू नये. दुरुक आणि केल्मी दोघींत ‘ह’ आहे, पण दुरुकचा ‘ह’ इतरत्र ‘प’शी जुळतो (‘नुहा’, ‘नुप्’) आणि केल्मीचा ‘स’शी (‘हादि’, ‘सेत्’). तुलना ध्वनींच्या दिसण्याची करायची नसते, त्यांच्यातील पद्धतशीर जुळणीची करायची असते.

एकट्या क-च बदलावर पूर्व शाखा उभी करणे मात्र मला अपुरे वाटते. इकारापूर्वी ‘क’ तालव्य होणे इतके स्वाभाविक आहे की ते दोन ठिकाणी आपापले घडू शकते. म्हणून प्रत्येक शाखेला व्याकरणातील एखादी अनपेक्षित नवनिर्मिती द्यावी. पूर्वेकडे दाणा या अर्थाचा *रिसा हा शब्द क्रियापदानंतर येऊन नकारदर्शक झाला असे ठरवू, जसे फ्रेंचमध्ये पाऊल या अर्थाचा ‘पा’ नकारार्थी झाला. हेवानमध्ये ‘रिस्’ आणि दुरुकमध्ये ‘रिसा’ हे दोन्ही आज ‘नाही’ असा अर्थ देतात, आणि पश्चिमेच्या भाषांत तो शब्द अजून दाणाच आहे. तोच शब्द, तेच स्थान आणि तोच नवा अर्थ हे सगळे योगायोगाने दोनदा घडण्याची शक्यता फार कमी, म्हणून हा पुरावा बळकट.

शब्दसंख्येवरून वंश ठरवू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. इंग्रजीच्या शब्दकोशाचा मोठा भाग फ्रेंच आणि लॅटिनमधून आला आहे, तरी मूलभूत शब्द आणि व्याकरणाचा सांगाडा जर्मानिक असल्यामुळे ती जर्मानिकच मानली जाते.

आठवी पायरी: कथेतील अभ्यासकांना किती कळते ते ठरवा

रचनाकाराला मूळभाषा ठाऊक असते. त्याच्या जगातील अभ्यासकांना ती शोधून काढावी लागते. या दोन ज्ञानांमधले अंतर ही कल्पित कुलाची फार मोठी संपत्ती आहे. एका वहीत खरा इतिहास ठेवावा आणि दुसऱ्या वहीत, उपलब्ध भाषांवरून त्या अभ्यासकांना काय काढता आले असते ते.

समजा दुरुक आणि केल्मी लुप्त झाल्या आणि फक्त हेवान आणि ओसली उरल्या. ‘नुप्’ आणि ‘नुब्’ यांवरून शेवटी ‘आ’ होता की ‘उ’ हे कोणालाच सांगता येणार नाही. पण ‘सेत्’ आणि ‘साद्’ यांची तुलना करणारा हुशार अभ्यासक हेवानमधील ‘ए’वरून शेवटी ‘इ’ असावा असे अनुमान काढू शकेल. तसेच वारा या अर्थाचा *रादा दोन्ही भाषांत ‘राद्’ होतो. ‘राद्’ला ‘राद्’ आणि ‘सेत्’ला ‘साद्’ अशा दोन वेगळ्या जुळण्या दिसल्या की मूळभाषेत ‘द’ आणि ‘त’ वेगळे होते आणि पश्चिमेने ते मिसळले, हे सिद्ध होते. कारण एकदा मिसळलेले ध्वनी पुन्हा आपापल्या जुन्या जागी बिनचूक वेगळे होत नाहीत.

अशा अनुमानांची ताकद फेर्दिनां द सोस्यूर यांनी दाखवून दिली. १८७८ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, केवळ स्वरांच्या आकृतिबंधावरून त्यांनी भारोपीय मूळभाषेत काही लुप्त ध्वनी असले पाहिजेत असे मांडले. १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी यांनी हित्ती या प्राचीन भारोपीय भाषेचे कोडे उलगडले, आणि १९२७ मध्ये येझी कुरिवोविच यांनी दाखवले की त्यांपैकी काही जागी हित्तीत प्रत्यक्ष व्यंजन लिहिलेले आहे. नवी सापडलेली भाषा जुने वर्गीकरण मोडतेही. भारोपीय कुलाचे शंभर या शब्दावरून ‘केंतुम्’ (आरंभी ‘क’ राखणाऱ्या भाषा) आणि ‘सतम्’ (त्या जागी ‘स’सारखा ध्वनी असलेल्या भाषा) असे पश्चिम व पूर्व विभाग एकेकाळी केले जात. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य आशियात तोखारी भाषेची हस्तलिखिते हाती आली आणि इतक्या पूर्वेची ही भाषा ‘केंतुम्’ निघाली. आपल्या कुलातही काही मोडक्या शिलालेखांपुरती उरलेली एक पाचवी भाषा ठेवावी, आणि तिच्यातील एखाद्या शब्दाने अभ्यासकांच्या आधीच्या गटवारीला हादरा द्यावा.

नववी पायरी: नोंदी

सर्व बदल एका स्प्रेडशीटमध्ये कालक्रमाने लिहावेत. आडव्या ओळीत शब्द आणि उभ्या स्तंभांत एकेक टप्पा असावा; मधला टप्पा कधीही गाळू नये, कारण पुढे नवी बोली काढायची झाली तर ती बहुधा मधल्याच टप्प्यातून फुटते. नवा शब्द हवा असेल तेव्हा तो मूळभाषेत तयार करून सर्व टप्प्यांतून खाली आणावा, थेट आजच्या भाषेत घालू नये; तो परका असेल तर मात्र कोणत्या शतकात आला ते लिहून त्यापुढचेच नियम त्याला लावावेत. कोशातील नोंद साधी, पण पूर्ण असावी. दुरुकच्या कोशात ती अशी दिसेल: ‘हुनि, नाम. १. झाड. २. लाकूड. मूळ नेम्री *पुनि, झाड. हेवान पुन्, झाड. ओसली पुन्, वासा. केल्मी पुनि, काठी.’